सिंगलवरून ट्विनसेटकडे : साहित्य निवडतानाच्या नोंदी

१० जानेवारी

यंदा सिंगल टाकीवरून ट्विनसेटवर, म्हणजे पाठीवर एकत्र जोडलेल्या दोन टाक्यांवर जायचं, हे मी आणि माझ्या डायव्हिंगच्या जोडीदाराने नक्की केलं. साहित्य बघायला लागण्याआधी हवेचा हिशोब कागदावर मांडला. दुसरी टाकी कशासाठी हवी हे आकड्यांत दिसलं, की पुढची निवड सोपी जाते.

समजा खोली ३० मीटर. तिथे दाब ४ बार. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर तळाला ८० लिटर लागते. आता वाईटात वाईट प्रसंग धरू. तळाला असताना जोडीदाराची हवा बंद झाली आणि दोघं एकाच टाकीवर वर येतोय. घाबरलेला माणूस जोरात श्वास घेतो, म्हणून दोघांचे मिळून मिनिटाला ६० लिटर धरले. पहिलं मिनिट तळाला सावरण्यात जातं, त्याचे २४० लिटर. मिनिटाला १० मीटर या वेगाने वर यायला ३ मिनिटं, सरासरी दाब अडीच बार, म्हणजे ४५० लिटर. ५ मीटरवरच्या ३ मिनिटांच्या थांब्याला २७०. एकूण ९६० लिटर. एवढी हवा कुठल्याही परिस्थितीत हात न लावता ठेवायची.

१२ लिटरच्या एका टाकीत ९६० लिटर म्हणजे ८० बार. २०० बारवर उतरलो तर खर्चायला १२० बार राहतात, म्हणजे तळाला १८ मिनिटं. तेच १२ लिटरच्या दोन टाक्यांच्या जोडीत राखीव हवा ४० बारमध्ये भागते आणि तळाला ४८ मिनिटांची हवा उरते.

हा ४८ चा आकडा बघून आनंद होतो खरा, पण त्याकडे सावधपणे बघायला हवं. साध्या हवेवर ३० मीटरला विनाथांबा मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता तळाला राहता येणारा वेळ, बहुतेक तक्त्यांत २०-२५ मिनिटांच्या आसपास आहे. सिंगलवर असताना आधी हवा संपत येते आणि माणूस आपसूक वर निघतो. ट्विनसेटवर तो लगाम सुटतो. हवा भरपूर असते आणि शरीरात नायट्रोजन साठत राहतो. त्यामुळे साहित्याच्या यादीत सगळ्यात वर प्रशिक्षण लिहिलं आहे. प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत विनाथांबा मर्यादा ओलांडायची नाही, हे दोघांनी एकमेकांना सांगून ठेवलं.

१४ जानेवारी

पर्याय तपासले. एका मोठ्या टाकीसोबत छोटी पोनी टाकी हा सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग. ३० मीटरपर्यंतच्या साध्या डाइव्हला तो पुरतोही, पण वजन एका बाजूला झुकतं आणि पुढे वाढायला वाव राहत नाही. मॅनिफोल्ड, म्हणजे दोन टाक्या जोडणारी नळी, नसलेल्या दोन स्वतंत्र टाक्या घेतल्या, तर दोन्हींतली हवा सारखी ठेवायला सतत रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं साधन) बदलत बसावं लागतं. एका बाजूचा रेग्युलेटर बिघडला की त्या टाकीतली उरलेली हवा हाताशी असूनही घेता येत नाही. साइडमाउंट, म्हणजे टाक्या दोन्ही कुशींना अडकवणं, मला मनापासून आवडतं. व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर असतात, पाठीवर ओझं नसतं. पण आम्ही बोटीवरून उतरतो आणि हलत्या बोटीवर दोन टाक्या वेगवेगळ्या अडकवणं त्रासाचं आहे. शिवाय जोडीदाराची मांडणी पाठीवरचीच राहणार. दोघांची मांडणी एकसारखी असणं हाच माझ्यासाठी निर्णायक मुद्दा ठरला. अडचणीच्या वेळी त्याचा हात माझ्या साहित्यावर आणि माझा त्याच्या साहित्यावर न बघता पडला पाहिजे.

म्हणून मॅनिफोल्ड, आणि तोही मध्ये आयसोलेटर, म्हणजे दोन टाक्या एकमेकींपासून तोडणारा व्हॉल्व्ह, असलेला.

पाठीवर एकापेक्षा जास्त टाक्या घेणं नवं नाही. १९४३ साली कूस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग हे टाकीतली हवा पाण्याखाली श्वासाला देणारं साधन तयार केलं, त्या सुरुवातीच्या काळातही दोन-तीन टाक्या एकत्र बांधत. मात्र सगळी हवा एकाच रेग्युलेटरमधून येई. हवा जास्त मिळे, पण बिघाडावर उपाय नव्हता. आजच्या मॅनिफोल्डला दोन व्हॉल्व्ह, दोन रेग्युलेटर आणि मध्ये आयसोलेटर असतो. एका बाजूचा रेग्युलेटर बिघडला तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा. दोन्ही टाक्यांतली हवा दुसऱ्या बाजूने मिळत राहते. गळती खुद्द व्हॉल्व्हच्या बुडाशी किंवा मॅनिफोल्डच्या जोडाशी असेल तर आयसोलेटर बंद करायचा, म्हणजे निदान अर्धी हवा वाचते. दुसऱ्या टाकीचं खरं मोल इथे आहे. यापुढे कुठलीही वस्तू घेताना एकच विचारायचं : हिच्यामुळे बिघडलेला भाग बंद करणं सोपं होतं की अवघड?

२ फेब्रुवारी

टाक्या. या एका निवडीवर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून मुद्दाम वेळ घेतला.

१२ लिटर, २३२ बारची स्टीलची टाकी ही एक वाट. ११.१ लिटर, २०७ बारची ॲल्युमिनियमची टाकी, जिला सगळे ‘ऐंशी’ म्हणतात, ही दुसरी. जमिनीवर दोन्हींचं वजन फारसं वेगळं नाही, पाण्यात मात्र त्या अगदी उलट वागतात. ॲल्युमिनियमची टाकी भरलेली असताना किंचित बुडती असते आणि रिकामी होत आली की पावणेदोन किलोच्या आसपास वर खेचते. स्टीलची बहुतेक टाकी रिकामी झाली तरी बुडतीच राहते.

यातून स्टीलच चांगली असा निष्कर्ष चटकन निघतो, कारण कमरेचं शिसं कमी होतं. पण अंगावर काय घालतो त्यावर ते ठरतं. जाड वेटसूट खोलवर दाबला जातो आणि त्याची बॉयन्सी (तरंगवण्याची ताकद) बरीच जाते. त्यात पाठीवर भरलेल्या स्टीलच्या जोडीचं वजन. अशा वेळी विंग (तरंगायला पाठीवर असलेली हवेची पिशवी) फाटली तर टाकून द्यायला कमरेला शिसं नाही आणि पोहत वर येणं जवळजवळ अशक्य. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट) असेल तर विंग गेली तरी सूटमध्ये हवा भरून वर येता येतं. म्हणून माझा नियम असा : वेटसूटसोबत ॲल्युमिनियम, स्टील फक्त ड्रायसूटसोबत. दोन पिशव्यांची विंग घेऊन वेटसूटसोबत स्टील वापरणारे लोक आहेत, पण दुसरी पिशवी नकळत फुगली तर काय, हा प्रश्न मला सुटत नाही. मूळ वजनच तोललेलं असावं.

आमचं पाणी थंड आहे, ड्रायसूट आधीपासून आहे. स्टीलच्या १२ च्या जोडीवर शिक्कामोर्तब.

व्यासाचा प्रश्न राहिला. या टाक्या १७१ आणि २०३ मिलिमीटर अशा दोन व्यासांत मिळतात. १७१ वाली लांब आणि सडपातळ, २०३ वाली बुटकी आणि रुंद. माझी पाठ लांब आहे. लांब टाकीचं वजन कमरेपर्यंत पसरतं आणि आडवं राहणं सोपं जातं. जोडीदाराची उंची कमी. त्याने लांब टाकी पाठीला लावून पाहिली तर तिचं बूड नितंबांवर आपटत होतं, आणि वर सरकवली तर मॅनिफोल्ड डोक्याला. त्याने बुटकी निवडली. इथे एकसारखेपणाचा आग्रह धरला नाही. टाकी पाठीच्या मापाने घ्यायची असते.

९ फेब्रुवारी

वापरलेला मॅनिफोल्ड चांगल्या स्थितीत मिळत होता. घेतला नाही. त्याचे आटे पाऊण इंची होते आणि आमच्या टाक्यांचे आटे एम-२५, म्हणजे २५ मिलिमीटरचे. हे दोन प्रकारचे आटे दिसायला इतके जवळचे, की एम-२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या टाकीत फिरून बसतोसुद्धा. पकड मात्र अर्धवटच असते आणि भरताना तो दाबाखाली उडू शकतो. अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. टाकीच्या मानेवरचा आणि व्हॉल्व्हच्या बुडावरचा शिक्का, दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय काहीही जोडायचं नाही. मॅनिफोल्डची रुंदी टाकीच्या व्यासाला जुळते का, हेही सोबतच बघायचं.

२१ फेब्रुवारी

बॅकप्लेट, म्हणजे पाठ आणि टाक्या यांच्यामधली पाटी, स्टेनलेस स्टीलची, ३ मिलिमीटर जाड, पावणेतीन किलोच्या आसपास. हार्नेस (अंगावर अडकवायचा पट्टा) एकाच सलग पट्ट्याचा, ५ सेंटिमीटर रुंद. बकलांची संख्या जितकी कमी, तितक्या तुटायच्या जागा कमी. टाक्यांच्या दोन स्टीलच्या पट्ट्यांतलं आणि प्लेटच्या दोन भोकांतलं अंतर जगभर सहसा २८ सेंटिमीटरच असतं, त्यामुळे प्लेट एका कंपनीची आणि विंग दुसऱ्याची चालते.

विंग निवडताना दोन टोकांचे सल्ले मिळाले. एक म्हणे जुनी सिंगलचीच वापर, दुसरा म्हणे मिळेल ती सगळ्यात मोठी घे. दोन्ही पटले नाहीत. सिंगलची विंग अरुंद असते. जोडीखाली ती दबते, नीट फुगू शकत नाही. उलट फार मोठ्या विंगेत थोडीशीच हवा असली की ती इकडून तिकडे वाहते, कोपऱ्यात अडकते आणि वर येताना हवी तेव्हा बाहेर निघत नाही.

किती उचल हवी, ते मोजता येतं. दोन १२ लिटरच्या टाक्यांत २३० बारला साधारण ५५०० लिटर हवा मावते. हवेचं वजन लिटरला सव्वा ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे साडेसहा किलोहून थोडं जास्त. डाइव्हच्या सुरुवातीला आपण तेवढ्याने जड असणारच, कारण शेवटी रिकाम्या टाक्यांवर थांब्याला स्थिर राहता यावं इतकं वजन आधीपासून घ्यावं लागतं. त्यात ड्रायसूटमध्ये पाणी शिरलं तर जाणारी बॉयन्सी मिळवायची, आणि पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला थोडी जास्तीची. माझी बेरीज १८ किलोच्या आत बसली. म्हणून १८ किलो उचलीची, जोडीसाठी बेतलेली, पूर्ण गोल विंग. गोल असल्यामुळे हवा दोन्ही बाजूंना फिरू शकते.

८ मार्च

रेग्युलेटर. सगळ्यात जास्त चर्चा याच विषयावर झाली.

दोन फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीवर बसून दाब कमी करणारा भाग), दोन्ही एकाच बनावटीचे आणि एकाच मॉडेलचे. सुटे भाग एकच, सर्व्हिस एकदम, आणि एकाचं वागणं कळलं की दुसऱ्याचं कळलं. थंड पाण्यासाठी बंदिस्त डायफ्रामचा, म्हणजे पडद्याचा, प्रकार घेतला. पिस्टनवाल्यांतही उत्तम रेग्युलेटर आहेत, पण गोठण्याची भीती असलेल्या पाण्यात यंत्रणेपर्यंत पाणी न पोचणं मला महत्त्वाचं वाटतं.

जोडणी डिन पद्धतीची. योक या दुसऱ्या पद्धतीत ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) व्हॉल्व्हच्या तोंडावर नुसती दाबलेली असते. डिनमध्ये रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आत आट्यांवर बसतो, ओ-रिंग चारी बाजूंनी कोंडलेली राहते. पाठीमागचा मॅनिफोल्ड शिडीला किंवा दगडाला आपटतोच. तिथे योक सरकण्याचा धोका कशाला ठेवायचा.

होजची (नळ्यांची) मांडणी आमच्या प्रशिक्षक सरांनी फळ्यावर काढून समजावली. मी विचारलं, “सर, ड्रायसूटची होज उजवीकडून घेतली तर लांबी कमी पुरेल ना?” सर म्हणाले, “पुरेल. आता उजवा व्हॉल्व्ह बंद झाला असं समज आणि सांग, वर कशाने येशील?” विंगची होजही उजवीकडूनच येत होती. उत्तर देण्याची गरजच उरली नाही.

अंतिम मांडणी अशी. उजव्या फर्स्ट स्टेजवर तोंडातल्या रेग्युलेटरची लांब होज, २.१ मीटर, आणि विंगची छोटी होज. डाव्या फर्स्ट स्टेजवर गळ्यात इलॅस्टिकने अडकवलेला राखीव रेग्युलेटर, साधारण ६० सेंटिमीटर होजचा, शिवाय ड्रायसूटची होज आणि प्रेशर गेज. कुठलीही एक बाजू बंद पडली तरी श्वासाला एक रेग्युलेटर आणि तरंगायला एक साधन शिल्लक राहतं.

लांब होज उजवीकडेच का, याचं कारण मला फार आवडलं. छताखालून पुढे जाताना डावा नॉब वर घासला तर तो बंद होण्याच्या दिशेला फिरतो आणि उजवा उघडण्याच्या. जोडीदाराला देताना मी तोंडातला रेग्युलेटर देणार आणि स्वतः गळ्यातला घेणार. घाबरलेल्या माणसाला जो द्यायचा तो उजव्या, आपोआप बंद न होणाऱ्या बाजूचा असावा. दिलेला रेग्युलेटर चालू आहे याबद्दल शंकेला जागा नाही, कारण क्षणापूर्वी त्यातूनच श्वास घेत होतो.

लांब होज उजव्या बाजूने खाली येते, कमरेला खोचली जाते, छातीवरून तिरपी डाव्या खांद्यावर चढते आणि मानेमागून फिरून उजवीकडून तोंडात येते. गुहेत डायव्हिंग करणाऱ्यांनी ही पद्धत घडवली. अरुंद वाटेत दोघं शेजारी मावत नाहीत, एकामागे एकच जावं लागतं, आणि ३० मिनिटं तशाने बाहेर यायचं तर होज लांबच हवी. आम्ही गुहेत जाणार नाही. तरी मोकळ्या पाण्यातही २.१ मीटरमुळे दोघांना एकमेकांच्या अंगावर न येता वर येता येतं.

गेज एकच, साधं सुईचं, डाव्या कमरेच्या डी-रिंगला बोल्ट स्नॅपने (खटक्याच्या हुकाने). बोल्ट स्नॅप होजला धातूच्या कडीने न बांधता दोरीने बांधले. कुठे अडकलंच तर दोरी कापता येते.

१५ मार्च

जुळणी. दोन टाक्या सपाट फरशीवर उभ्या केल्या, मॅनिफोल्ड हाताने बसवला, मग पट्टे. आधी पट्टे आवळले तर टाक्या किंचित तिरक्या राहतात आणि तो ताण कायम मॅनिफोल्डवर येतो. म्हणून पट्टे ढिले ठेवून दोन्ही टाक्या समांतर आहेत हे मागून-पुढून बघितलं आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. भरलेला, सगळं लावलेला संच ४० किलोच्या आसपास जातो. तो जमिनीवरून पाठीवर उचलायचा नाही. कमरेएवढ्या ओट्यावर ठेवून बसून अडकवायचा आणि पाय वापरून उठायचं.

२२ मार्च

उथळ पाण्यात पहिली चाचणी. वजन तोलणं एवढंच काम. टाक्या मुद्दाम जवळजवळ रिकाम्या, ३५ बारवर. ३ मीटरला विंग पूर्ण रिकामी करून, सूटमध्ये गरजेपुरतीच हवा ठेवून स्थिर राहता आलं पाहिजे. सिंगलवर लागणाऱ्या शिशातलं बहुतेक काढून ठेवावं लागलं. उरलेलं थोडं दोन टाक्यांच्या मधल्या खाचेत बसवलं.

पाय मात्र वर जात होते. डोकं जड, पाय हलके. पट्ट्यांतून टाक्या खाली सरकवल्या तर सुधारलं असतं, पण मग व्हॉल्व्ह हातापासून लांब गेले असते. म्हणून टाक्या तिथेच ठेवल्या आणि हलक्या फिन्सऐवजी जड रबरी फिन्स घातल्या. पाय खाली आले, शरीर आडवं झालं.

५ एप्रिल

व्हॉल्व्ह ड्रिल, म्हणजे पाठीमागचे व्हॉल्व्ह पाण्यात बंद-उघड करण्याचा सराव. ६ मीटरवर, समोर जोडीदार, बाजूला सर.

उजवा हात वर, कोपर कानाजवळ, तळवा मागे. कोरड्यात बोटं नॉबवर सहज पोचायची. पाण्यात ड्रायसूटचं कापड खांद्याला ओढून धरतं आणि हात तिथल्या तिथे अडतो. सरांनी खुणेने सांगितलं : हनुवटी वर, मान मागे. मान मागे नेली की टाक्यांचा वरचा भाग जवळ येतो. तरीही बोटांची फक्त टोकं लागली. टोकांनी नॉब हलतो, पण बंद करता येत नाही.

पाण्याबाहेर येऊन पट्टे ढिले केले आणि टाक्या ३ सेंटिमीटर वर घेतल्या. डाव्या खांद्याच्या पट्ट्यालाही थोडी ढील दिली. पुन्हा उतरलो. आता मूठ बसली. उजवा व्हॉल्व्ह बंद करत गेलो तसतसा श्वास जड होत आला, मग थांबला. गळ्यातला रेग्युलेटर तोंडात घेतला. पुन्हा उजवा उघडला, तपासला, परत घेतला. मग आयसोलेटर बंद, उघडा. मग डावा.

आयसोलेटरचा नॉब डोक्यामागे मधोमध, तोच सगळ्यात अवघड. त्याच्यावर जाड रबरी नॉब बसवला. रबरामुळे मोज्यातूनही पकड मिळते आणि आपटल्यावर नॉब फुटत नाही. टाक्या वर घेतल्यामुळे पायांकडचा तोल किंचित बिघडला, तो खाचेतलं शिसं खाली सरकवून भरून काढला. हाताची पोच आणि तोल यांच्यात जेव्हा ओढाताण होईल, तेव्हा पोच आधी. तोल सावरायला शिसं आहे, न पोचणाऱ्या हाताला दुसरा उपाय नाही. खांद्यांचे व्यायाम रोज चालू केले आहेत.

१९ एप्रिल

आजची नोंद सविस्तर लिहून ठेवतो, कारण हा प्रसंग कुणाच्याही बाबतीत घडू शकतो.

टाक्या भरून आल्या. गेज लावलं, २२० बार. सुई छान. नेहमीच्या क्रमाने आधी तिन्ही नॉब हाताने तपासले. डावा उघडा, उजवा उघडा, आयसोलेटर बंद. भरणाऱ्याने कधीतरी बंद केला आणि तसाच राहिला. हळूहळू उघडला तर मॅनिफोल्डमधून लांबलचक सुऽऽ असा आवाज आला आणि गेजची सुई खाली सरकत १५० वर थांबली.

म्हणजे डाव्या टाकीत २२०, उजवीत ८० होते. गेज डावीकडे असल्यामुळे त्याला उजवीकडची गोष्ट कळतच नव्हती. तोंडातला रेग्युलेटर उजव्या टाकीवर. तसाच उतरलो असतो तर सुई २२० वर स्थिर आणि श्वास मात्र ८० बारच्या टाकीतून चालू राहिला असता. पाण्यात हे ओळखायची एकच खूण : दहा मिनिटं झाली तरी सुई हलत नाही.

पाण्याआधीच्या यादीत बदल केला. तिन्ही नॉब हाताने फिरवून बघायचे, आणि मग दोन्ही रेग्युलेटरमधून श्वास घेत सुईकडे बघायचं. भरायला देताना आयसोलेटर उघडा ठेवण्याची चिठ्ठी टाक्यांना बांधून देतो आणि परत आल्यावर तरीही तपासतो.

३ मे

सिंगलच्या काळातलं काय उरलं? मास्क, कॉम्प्युटर, कात्री, ड्रायसूट. जुना जॅकेट बीसीडी (विंगचं काम करणारं, अंगात घालायचं हवेचं जॅकेट) देऊन टाकला, कारण जोडीचं वजन पेलायला तो बनलेलाच नाही. जुना रेग्युलेटर उथळ डाइव्हसाठी सिंगल टाकीवर ठेवला आहे. त्यावरही तीच लांब होज आणि गळ्यातला राखीव लावला, म्हणजे दोन्ही संचांवर हाताची सवय एकच राहील. बॅकप्लेटही तीच, फक्त विंग बदलते.

रील आणि मोठा खुणेचा फुगा उजव्या खिशात, राखीव मास्क डाव्या. दोन छोटे दिवे खांद्याच्या पट्ट्यांवर. याहून जास्त काही लटकवलेलं नाही.

नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, विषय पुढच्या महिन्यात. ३० मीटरला ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण दोघांनाही सोयीचं पडेल आणि विनाथांबा वेळ वाढेल, पण टाक्यांवर मिश्रणाची आणि कमाल खोलीची पट्टी, आणि प्रत्येक वेळी स्वतः विश्लेषण, ही शिस्त आधी बसली पाहिजे. आयसोलेटर बंद राहून भरलं तर दोन टाक्यांत दोन वेगळी मिश्रणं असू शकतात, म्हणून विश्लेषण दोन्ही व्हॉल्व्हवर करायचं. सरांनी पुढच्या सत्रात जोडीदाराचा बिघाड डोळे झाकून ओळखण्याचा सराव ठेवला आहे. त्याआधी त्याच्या बुटक्या टाक्यांचे पट्टे दोन सेंटिमीटर वर घ्यायचे आहेत, कारण त्याचा डावा हात अजून नीट पोचत नाही.